दोन दिवस ऊन नको

माझं तोंड वाईट आहे. हे मी सांगत नाही, अख्खं पवनानगर सांगतं. धरणाच्या कडेला तंबूत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी शनिवार-रविवार पिठलं-भाकरी रांधते, ऐंशी-नव्वद माणसांची. कुणी पानात अर्धी भाकरी टाकून उठला, की तो मुंबईचा असो नाहीतर परदेशातला, त्याला ऐकवल्याशिवाय मी सोडत नाही. सासऱ्यांनासुद्धा सोडत नाही. तर अशी मी फटकळ बाई, आणि नेमकं जिथं बोलायला हवं होतं तिथं चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. का बसले ते सांगते.

आमची सृष्टी नऊ वर्षांची. एकुलती एक. माझं तोंड तिनं पुरेपूर उचललंय. सकाळी डोळा उघडल्यापासून तिची जी कटकट सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. ‘आई, माशांना तहान लागते का? आई, आबा मिशी धुतात की नुसती पुसतात?’ मी वैतागून म्हणायचे, ‘बाई गं, पाच मिनिटं गप बस, तुला काय हवं ते देते.’ आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिचा जीव दोघांत. एक आबा, म्हणजे माझे सासरे कोंडाजी घारे, आणि दुसरा बिस्किट. बिस्किट हा आमचा शर्यतीचा बैल. वासरू असताना घरी आला तेव्हा सृष्टी पाच वर्षांची होती आणि तिच्या हातातला बिस्किटांचा पुडा त्यानं कागदासकट खाल्ला. आबांच्या मनात भारदस्त नाव होतं, तुफान की काहीतरी. पण नातीपुढं त्यांचं काय चालणार! बैलगाडा शर्यतीत माइकवरून ‘कोंडाजी घारे यांचा बिस्किट’ असं पुकारलं की बघायला आलेले सगळे हसायचे. आबा मिशी पिळत उभे राहायचे. आणि बिस्किट पळायचा असा, की हसणारे गप व्हायचे.

दिवाळीनंतर सृष्टीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की उलटी. आम्ही म्हटलं पित्त असेल. मग चालताना डावा पाय घासायला लागली. मी ओरडले, ‘नीट चाल, चपला झिजतात!’ एके दिवशी शाळेत झटका आला. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला, आणि फोटो बघून पुण्याला धाडलं. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं, की मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे आणि ती लवकर काढायला हवी.

तिथं आम्हाला डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम भेटल्या. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर वेगळे. मॅडमकडे एका औषधाची तपासणी होती. त्यांनी मला आणि सृष्टीच्या बाबांना, ओंकारला, समोर बसवून सांगितलं, “गाठ आणि मेंदू साध्या दिव्यात सारखेच दिसतात. कुठं गाठ संपते ते डोळ्यांना कळत नाही. ऑपरेशनच्या आधी तीन तास हे औषध पाण्यातून पाजलं, की गाठ ते धरून ठेवते. मग निळा दिवा टाकला की गाठ गुलाबी चमकते. मोठ्या माणसांत हे वापरतात. लहान मुलांना ते सोसतं का, त्रास होतो का, हे आम्ही तपासतोय. बारा मुलांना देणार आहोत, सृष्टी सहावी. तुम्ही नको म्हणालात तरी ऑपरेशन होणारच, त्यात काही कमी करणार नाही.”

“म्हणजे माझ्या पोरीवर प्रयोग?” मी विचारलं. मी सरळच विचारते.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “म्हणून तर विचारतेय.”

ही बाई मला तिथंच आवडली. त्यांनी सृष्टीलाही विचारलं. कागदावर मेंदू काढला, गाठ काढली, दिवा काढला. सृष्टीनं विचारलं, “मी पण अंधारात चमकणार?” मॅडम हसल्या. म्हणाल्या, “नाही गं, फक्त गाठ. पण औषध प्यायल्यावर तुझ्या कातडीला दोन दिवस ऊन चालणार नाही. ऊन लागलं तर भाजेल. तुला जमेल का?” सृष्टी म्हणाली जमेल, आणि कागदावर ठळक अक्षरात सही ठोकली.

मंगळवारी पहाटे पाचला तिनं ते औषध प्यायलं. आंबट होतं, तोंड वाकडं केलं. आठ वाजता आत नेली, दुपारी तीनला बाहेर आणली. मोठे डॉक्टर म्हणाले, गाठ छान चमकली, नुसत्या डोळ्यांना दिसले नसते असे दोन तुकडे निघाले. पण गाठ चांगल्या जातीची वाटत नाही. तपासून येऊ दे, मग लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागेल, पुढचं आत्ता काही सांगता येत नाही. मी ऐकलं आणि मान हलवली. पुढचं सांगता येत नाही, हे वाक्य तेव्हापासून माझ्या पोटात जे बसलंय ते अजून तिथंच आहे.

बुधवारी सकाळी तिला दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खाटांच्या खोलीत आणलं. सृष्टीची खाट खिडकीला चिकटून, दुसरी रिकामी. खिडकीला जाड काळा पडदा, दरवाज्याच्या फटीलाही फडका. एका छोट्या दिव्यावर सगळं काम. आत फक्त मी, कारण पास एकच. ओंकार रेल्वेत गँगमन आहे, घाटात ड्यूटी. ऑपरेशनच्या दिवशी आला होता, रजा संपली तसा गेला. आबा मंगळवारी दिवसभर हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर बसून होते. वर सोडा म्हणून वॉचमनशी तीनदा भांडले. संध्याकाळी गुरांसाठी गावी परतले, न बघताच.

आणि सृष्टी? डोळे उघडे, पण बोलेना. हात दाब म्हटलं की दाबायची, जीभ दाखव म्हटलं की दाखवायची. डॉक्टर म्हणत होते, थकलीये, बोलेल. पण मला माहीत आहे ना माझी पोर! ती नुसती त्या काळ्या पडद्याकडे बघत पडली होती. मी पाणी पाजलं, केस नव्हतेच तर कपाळावरून हात फिरवला, वेडीवाकडी गाणी म्हटली. काही नाही. हाताच्या अंतरावर होती आणि तरी मला तिची इतकी आठवण येत होती की ऊर फुटेल असं वाटलं. तिनं एकदा तरी कटकट करावी, मला एकदा तरी वैताग आणावा, यासाठी मी आसुसले होते. नवस बोलायचे तेवढे बोलून झाले.

दहाच्या सुमारास तिचे ओठ हलले. मी कान लावला. ती म्हणाली, “बिस्किट?” एवढंच. खायचं नव्हे, ते मला कळलं. मग पुन्हा गप.

आबांचा फोन आला तेव्हा मी रडत होते. त्यांना सांगितलं, “आबा, एकच शब्द बोलली हो. बिस्किटचं नाव.” ते म्हणाले, “बरं,” आणि फोन ठेवला.

दुपारी चारला परत फोन. “सारिके, खिडकीतनं खाली बघ.”

मी पडद्याचा कोपरा जरासा उचलला आणि कपाळावर हात मारला. हॉस्पिटलसमोर, औषधांची दुकानं आणि रिक्षा यांच्या मधोमध, गावातल्या गोरखभाऊंची पिकअप उभी. पिकअपच्या हौद्यात बिस्किट. अंगावर शर्यतीची झूल, शिंगं रंगवलेली, कपाळाला गुलाल. शेजारी आबा लाल फेटा बांधून, जणू नवरदेवाला घेऊन आलेत. पन्नास-पंचावन्न किलोमीटर त्या बैलाला उभा आणला होता. वॉचमन शिट्ट्या मारतोय, मागच्या गाड्या हॉर्न देतायत, ज्यूसवाला मोबाइलवर व्हिडिओ काढतोय, आणि बिस्किटनं निवांतपणे भर रस्त्यात शेण टाकलं.

मला हसूच फुटलं. कितीतरी दिवसांनी हसले. आणि हसत हसत, मागचा-पुढचा विचार न करता, मी बोलून गेले, “सृष्टे, बिस्किट आलाय गं खाली!”

तिचा उजवा हात उठला आणि तिनं पडदा ओढला.

खिडकी पश्चिमेची. मार्चचं चारचं ऊन भसकन खाटेवर आलं. मला आठवलं, आठवलं नाही असं नाही. औषध पिऊन पस्तीस तास झाले होते, तेरा तास बाकी होते. सिस्टरनं दहा वेळा बजावलं होतं. मी पडदा ओढायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात सृष्टी हसली. डावा ओठ जरा खाली राहिला होता, त्यामुळे हसू वाकडं आलं, पण हसली. तिनं गाल काचेला लावला, हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, “आई, आबांना सांग त्याला खाली उतरवू नका. गाड्यांना घाबरतो तो. आणि पाणी पाजा म्हणावं. बघ कशी धाप लागलीये.”

सुरू झाली की हो! सुरू झाली माझ्या पोरीची कटकट! मी फोनवर ओरडून आबांना सांगितलं, तशी त्यांनी बादलीनं पाणी दाखवलं, बिस्किटची वेसण धरून त्याचं तोंड वर खिडकीकडे केलं. सृष्टी म्हणाली, झूल वाकडी बसलीये. आबांनी झूल सरळ केली. सृष्टी म्हणाली, आबा बारीक झालेत. ते मात्र मी सांगितलं नाही. मी हात पुढं केलेला तसाच ठेवला होता. पडदा काही ओढला नाही. पाच-सात मिनिटं म्हणणार होते, पण खोटं कशाला, पंधरा मिनिटं गेली. मग पोलीस आला, पिकअप हलली, मी पडदा लावला आणि सृष्टी शांत झोपली.

संध्याकाळी तिचा उजवा गाल लाल दिसला. गुरुवारी सकाळी टरारून सुजला, उजव्या हाताच्या पाठीवर फोड आले. तिला आग होत होती, कण्हत होती. मॅडम धावत आल्या, कातडीच्या डॉक्टरांना घेऊन. फोटो काढले, मापं घेतली. मॅडमनी मला विचारलं, “ताई, एकाच बाजूला आहे. पडदा सरकला होता का? ऊन आलं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

आता मला कुणी विचारेल, खोटं का बोललीस? भीती वाटली, हे तर आहेच. ओरडतील, आई असून काळजी घेतली नाही म्हणतील. पण खरं सांगू? ती पंधरा मिनिटं मला कुणाच्या हातात द्यायची नव्हती. इतक्या दिवसांत माझ्या वाट्याला तेवढीच आली होती. ती सांगितली असती, की लगेच ती चूक झाली असती. आणि आबा! लाल फेटा बांधून एवढ्या हौसेनं आलेल्या माणसाला मी कसं सांगू, की तुमच्यामुळं पोरीचा गाल भाजला? उन्हाचं पथ्य त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, मग आम्हाला आमच्याकडेच शोधायला हवं. ऑपरेशनच्या वेळी उजवी बाजू वरच्या दिव्यांकडे होती, बोटाला ऑक्सिजन मोजायचा लाल दिव्याचा चिमटाही उजव्याच हाताला होता. गुरुवारभर माणसं दिवे तपासत होती, चिमटे तपासत होती. मी खोलीत बसून सृष्टीच्या गालावर मलम लावत होते. ती माझ्याकडे बघायची आणि काहीच बोलायची नाही. तिच्यासमोरच मी खोटं बोलले होते.

आबांना फोनवर गालाचं कळलं आणि त्यांचा भडका उडाला. “औषधानं भाजली पोर! मी म्हनत न्हवतो? आपल्या पोरी काय उंदरं हायेत काय यांची?” त्यांनी ते गावभर केलं. चावडीवर, दूध डेअरीवर, सगळीकडं. मी म्हणायचे, “आबा, जाऊ द्या ना.” तर म्हणायचे, “जाऊ कसं द्यू? दुसऱ्याच्या लेकराला तरी नगो ह्यो ताप.” मी फोन कानाला लावून नुसती हूं हूं करायची.

शनिवारी दुपारी पाणी आणायला गेले तर जिन्यात यशोधरा भेटली. ती इंदुरीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचा मुलगा धम्मदीप सात वर्षांचा, त्यालाही अशीच गाठ. आमच्या दोघींच्या मुलांच्या तपासण्या एकाच आठवड्यात झाल्या होत्या, बाकड्यावर शेजारी बसून आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं. तिनं आधी सृष्टीचा गाल कसा आहे ते विचारलं. घरची कोरफड आणली होती, डॉक्टरांना विचारूनच लाव म्हणाली. मग म्हणाली, “आमच्या दीपचं सोमवारी आहे गं. पण ते औषध थांबवलंय.”

“थांबवलंय म्हणजे?”

“सृष्टीला कशानं भाजलं ते कळेपर्यंत पुढच्या मुलाला द्यायचं नाही, असा नियम आहे त्यांचा. बरोबरच आहे. आणि दीपला थांबता येत नाही, त्याच्या डोळ्यावर यायला लागलंय. मग साध्याच दिव्यात करणार. दिसेल तेवढं काढतील. सृष्टीचे दोन तुकडे जास्तीचे निघाले म्हणालीस ना तू? तेव्हापासून मी दीपला सांगत होते, तुझीपण गाठ चमकणार. आता काय सांगू त्याला?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवून खाली गेली. मी कोरफडीचं पान हातात घेऊन जिन्यात उभी. तिथल्या तिथं धावत जाऊन मॅडमना सांगायला काय झालं होतं? मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. शनिवार तसाच घालवला, याची मला आजही लाज वाटते.

रविवारी सकाळी आबाच आले. ओंकारला घेऊन, तरातरा. मॅडम राउंड संपवून त्यांच्या छोट्या खोलीत बसल्या होत्या. आबांनी मला खाली बोलावलं आणि आम्ही तिघं आत गेलो. आबा खुर्चीवर बसलेच नाहीत. “डाक्टरीन बाई, तुमी शिकल्यासवरल्या. पर हे औषध बंद करा. माज्या नातीचा गाल जाळला तुमी. उद्या आनखी एका पोराला देनार हाय म्हनं?”

“उद्याच्या मुलाचं थांबवलंय, आबा,” मॅडम म्हणाल्या.

“झ्याक केलं! कायमचंच थांबवा. मी पेपरात देतो, तालुक्याला जातो—”

“आबा, गप बसा!” मी ओरडले. खोलीबाहेरची माणसं वळून बघायला लागली. “औषधानं नाही भाजलं तिला. उन्हानं भाजलं! तुम्ही बिस्किटला आणलंत, मी तिला सांगितलं, पडदा उघडला आणि मी पंधरा मिनिटं तो लावला नाही. दोन दिवस ऊन चालणार नव्हतं. मला माहीत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मला माहीत होतं!” आणि मग जे रडू आलं ते आवरेना. ओंकार माझ्याकडे असा बघत होता जसं मी कुणी दुसरीच बाई आहे.

आबा खुर्चीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. मी आयुष्यात त्यांना एवढं म्हातारं बघितलं नव्हतं. म्हणाले, “म्हंजी म्याच भाजली व्हय तिला.”

“आबा, असं नाही—” मॅडम म्हणायला लागल्या.

“न्हाई, बाई. आदी लिव्हा तुमी. कोंडाजी घारे, ऱ्हानार पवनानगर. बैल मी आनला. औषधाचा काय बी दोष न्हाई. माजं नाव लिव्हा, हितं अंगठा बी देतो आन् सही बी करतो. त्या दुसऱ्या पोराचं अडवू नगा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् तू चार दीस माज्यापायी गप बसलीस? येडी का खुळी तू? मला लाख शिव्या द्यायच्या व्हत्यास!”

मॅडमनी वही ओढली. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “ही पोलीस तक्रार नाही. मला फक्त वेळ हवी, किती मिनिटं, कुठली बाजू, काच बंद होती की उघडी.” मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, “आधी ‘नाही’ म्हणालात, आता ‘हो’. मला आणखी कुणाला तरी विचारावं लागेल. सृष्टीनंही सही केली होती. तिला विचारते. चला आबा, तुम्हीही चला.” मॅडम सोबत होत्या, म्हणून वॉचमननं आबांना पहिल्यांदा वर सोडलं.

पुढचं सांगायच्या आधी एक सांगून टाकते, कारण नंतर मला ते सांगता येणार नाही. सोमवारी पहाटे पाचला दीपला औषध मिळालं. रविवारी दिवसभर मॅडम फोनवर होत्या, ज्यांची परवानगी लागते त्या सगळ्यांना त्यांनी पटवलं. दीपची गाठ चमकली. किती निघाली, पुढं काय, ते मी यशोधराला विचारलं नाही. तिनं सांगितलं तेवढं ऐकलं. तिच्यापाशी मी सगळं कबूल केलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली.

तर आम्ही वर गेलो. सृष्टी उशीला टेकून बसली होती. आबांना बघून हसली, तेच वाकडं हसू. आबा तिच्या गालाकडे बघून दारातच थबकले. गाल अजून सोलवटलेला होता, मलमानं चकाकत होता. ते पुढं येईनात. सृष्टीनंच हात केला तेव्हा खाटेच्या कडेला कसेबसे टेकले.

मॅडम तिच्या शेजारी बसल्या. “सृष्टी, बुधवारी पडदा कुणी उघडला?”

सृष्टीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सांग बाळा, मी सगळं सांगितलंय.”

“मी उघडला,” ती म्हणाली. “आईनं नाही. आणि आबांना तर माहीतच नव्हतं. त्यांना रागवू नका.”

“कुणाला रागवत नाही. मी तुला काय सांगितलं होतं, आठवतं?”

“हो. दोन दिवस ऊन नको. भाजतं.”

“मग? विसरलीस का तेव्हा?”

“नाही.” सृष्टीनं बोटानं चादरीवर रेघ ओढली. आवाज बारीक होता, पण शब्द अगदी स्पष्ट. “मला माहीत होतं भाजेल. आई म्हणाली असती, दोन दिवसांनी बघ. पण दोन दिवसांनी मी असेन, असं तुम्ही कुणीच म्हणाला नव्हतात. ते सोडून बाकी सगळं सांगितलं होतं.”

मॅडमचं पेन वहीवर थांबलं. ओंकार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटत होतं मी काहीतरी बोलावं, ओरडावं, हे असलं काय बोलतेस म्हणून तिला रागवावं, आणि मला ते जमलं नाही. नऊ वर्षांची पोर औषध पिताना, सही करताना, त्या अंधारात पडल्या पडल्या हा हिशेब करत होती, आणि मी तिच्या उशाशी बसून गाणी म्हणत होते.

आबांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. “आसशील की गं माजे बाय. का न्हाई आसनार? आसशील,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

सृष्टी मात्र मॅडमकडे बघत होती.